मरणोत्तर उघडावे

"साहेब, मृत्यूचा दाखला आणलाय का?" पुराभिलेखागाराच्या शेंडेबाईंनी अदबीनं विचारलं.

"कोणाचा?"

"तुमचाच."

माजी न्यायमूर्ती आणि माजी राज्यपाल केळुसकर बोळक्या तोंडानं बघत राहिले. आवराआवरीच्या घाईत जुन्या कागदपत्रांबरोबर त्यांची कवळीही इथे देणगी दिलेल्या पेटीत गेली होती, आणि संध्याकाळी नातीच्या लग्नाचं जेवण होतं. मसालेभात, जिलब्या, सगळं.

"अहो बाई, पेटी माझी, दात माझे!"

बाईंनी देणगीपत्र पुढे सरकवलं. पेटी मरणोत्तरच उघडावी. त्याआधी कोणत्याही सबबीवर नाही, खुद्द मी मागितली तरी नाही. खाली त्यांचीच सही.

केळुसकरांनी पळवाट शोधली. एकही सापडेना, तशी त्यांची मान हळूहळू ताठ झाली. राजभवनात पाच वर्षं त्यांच्या शब्दावर कोणी साधा पंखासुद्धा बंद केला नव्हता.

"अर्ज फेटाळला," ते म्हणाले.

लग्नात त्यांनी वाट्यांवर वाट्या नुसती बासुंदी प्यायली. "दात कुठायत?" व्याह्यांनी विचारलं.

"सरकारजमा," केळुसकर छाती फुगवून म्हणाले. "माझ्याच हुकमानं!"