हयातीपुरतं घर

"वेंडा कुठवर आली?" ऑरिन लिबीने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"येतील हो, मिस्टर लिबी," नर्स म्हणाली. "बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता चिखल झालाय. न्यू हॅम्पशायरहून यायचं म्हणजे वेळ लागणारच."

ऑरिनकडे वेळच नव्हता. हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सोमवारीच तोंडावर सांगितलं होतं. आज गुरुवार. उशीखाली वकिलाकडून लिहून घेतलेला एक कागद होता आणि त्यावर वेंडाची सही हवी होती. ती मिळेपर्यंत मरायची सोय नव्हती.

वेंडा त्याची सावत्र मुलगी. आईच्या दफनानंतर ती आणि ऑरिन एकमेकांशी धड चार शब्दही बोलले नव्हते.

दार ढकलून लोरेट पेल्टिए आत आली. वय बासष्ट, अंगाने फाटकी, आवाज खणखणीत. तिने थर्मासमधलं वाटाण्याचं सूप वाटीत ओतलं आणि चमचा थेट त्याच्या तोंडापाशी नेला.

"मीठ नाही यात," ऑरिन कुरकुरला.

"नाहीच आहे. गिळ मुकाट्याने."

"दहा वर्षं बेचव खायला घालतेयस. त्यापेक्षा विष घाल की!"

"घातलं असतं रे म्हाताऱ्या! पण तू मेलास की मी रस्त्यावर. माझं घर तुझ्या श्वासावर टांगलंय. उघड तोंड."

ही भानगड अख्ख्या गावाला पाठ होती. घर मुळात ऑरिनच्या बायकोचं. तिने मृत्युपत्रात लिहिलं होतं की, ऑरिनने जिवंत असेपर्यंत राहावं आणि त्याच्यानंतर घर वेंडाचं व्हावं. या गृहस्थाने ते मृत्युपत्र कधी नीट वाचलंच नाही. बायको गेली, घर आपलं झालं, संपलं! अकरा वर्षांपूर्वी तो तळ्याकाठच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला गेला आणि घर त्याने लोरेटला विकलं.

आता इकडे मेन राज्यात ओळखीपाळखीच्या व्यवहाराला वकील कोण करतो? स्वयंपाकघरातल्या टेबलावर छापील हक्कसोडपत्र भरलं, शेजारच्या नोटरीबाईंनी शिक्का मारला, वर कॉफी झाली. कागदावर लिहिलं होतं, 'या घरात माझा जो काही हक्क असेल, तो लोरेटला दिला.' आणि हक्क होता किती? त्याच्या हयातीपुरता! तो आहे तोवर घर लोरेटचं. तो गेला की त्याच दिवशी वेंडाचं.

नवरा गेल्यावर मिळालेले सगळे पैसे लोरेटने त्या घरात घातले होते. वर्षभराने नोंदणी कचेरीत खरा प्रकार उघडकीला आला, तेव्हा ऑरिनला वाटलं, ही आता बंदूक घेऊन येणार. ती आली रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन.

त्या दिवसापासून रोज यायची. त्याच्या सिगारेटी तिने तळ्यात फेकल्या, कुऱ्हाड लपवून ठेवली, पायऱ्यांवरचा बर्फ स्वतः उपसला. गावातले टवाळ तिला दुकानात गाठून म्हणायचे, "लोरेट, तुझं घर सकाळी इथे येऊन खोकत होतं गं!" तीही हसायची आणि जाताना खोकल्याचं औषध घेऊन जायची.

ऑरिन दारातच डाफरायचा. "आलीस घर तपासायला?"

"आले. छप्पर गळतंय का बघू. जीभ दाखव."

तो जीभ दाखवायचा. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नाही. पण ती गेली की ट्रेलर खायला उठायचा, आणि मग मनात यायचं, ही बाई येते ती घरासाठी. नुसत्या ऑरिन लिबीसाठी कोण कशाला येईल? त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि उद्या ती येईल ना, याची धास्तीही.

बाहेर कुणाचे तरी बूट वाजले. ऑरिनने घाईघाईने तोंडासमोरचा चमचा बाजूला सारला.

"मला टॅपिओकाची खीर हवीय. खालच्या उपाहारगृहात मिळते. जा."

"आत्ता? अरे, सूप तरी संपव!"

"मरणाऱ्या माणसाशी वाद घालतेस? जा म्हणतो ना!"

पुटपुटत ती गेली आणि दोनच मिनिटांनी वेंडा आत आली. बूट चिखलाने भरलेले, अंगात कोट तसाच. ती खुर्चीच्या टोकावर टेकली.

"बोला. काय एवढं तातडीचं?"

त्याने उशीखालून कागद काढून तिच्या हातात दिला.

"वाच. मी गेल्यावर लोरेटला त्या घरात मरेपर्यंत राहू दे. मग तू घे. एवढंच लिहिलंय."

वेंडाने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. ऑरिनला राहवेना.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, वेंडा. आज भीक मागतो म्हण. चूक माझी होती, तिची नव्हती. आता या वयात ती कुठे जाईल? माझा राग तिच्यावर काढू नकोस, बाई." "पेन तिथे आहे बघ."

वेंडाने कागद हळूच पांघरुणावर ठेवला.

"माझ्या सहीचा काही उपयोग नाही, ऑरिन."

"एवढा राग?"

"राग नाही हो. ते घर आता माझं नाहीच. पुढचा सगळा हक्क मी लोरेटला विकून टाकला. तुम्ही असा नाहीतर नसा, घर तिचंच आहे. फक्त तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढी तिची अट होती."

ऑरिनने पांघरुणावरचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"कधी?" त्याने कसंबसं विचारलं.

"नऊ वर्षं झाली."