मशीनचा खडखडाट

कपडे वाळवायचं मशीन तिसऱ्यांदा खडखडायला लागलं, तेव्हा मेकॅनिकच्या कामातच पाणी मुरतंय याबद्दल त्याला शंका उरली नाही. या वेळी तो मेकॅनिकच्या डोक्यावरच उभा राहिला.

"आतलं चाक ठणठणीत आहे, पट्टाही. मागच्या पत्र्याचे स्क्रू सैल झालेत, म्हणून पत्रा वाजतोय."

"झालेत, की तुम्हीच सैल ठेवलेत? म्हणजे आम्ही आपले बोलावतोय पुन्हा पुन्हा!"

मेकॅनिकनं बॅटरी जवळ धरली. "साहेब, हे ओरखडे बघा. माझ्या हत्याराचे नाहीत. कुणीतरी घरातल्या सुरीनं स्क्रू फिरवलेत."

त्यानं शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे.

भिंतीपलीकडच्या खोलीत आई सफरचंद कापत बसली होती. तिच्या हातातल्या सुरीचं टोक वाकलेलं होतं.

"आई, तू?"

"मग काय करू? मशीन गप्प झालं की तुम्हा दोघांचं सगळं बोलणं इकडे ऐकू येतं." तिनं एक फोड त्याच्यापुढे धरली. "मला कुठे नेऊन ठेवायचं, ते एकदाचं ठरवा. मग स्क्रू मीच आवळून देते."