तीनशे बारा टीव्ही

"माणसं उलटी दिसतायत. डोकी खाली, पाय वर," फोनवरचा म्हातारा आवाज म्हणाला, आणि तिने मान वळवून मागे पाहिलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. साहेब मागेच उभे होते, हातात चहाचा कप घेऊन. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे लपवायला काही उरलं नव्हतं.

चूक तिचीच होती. कंपनीच्या या टीव्हींना वेगळा सेट-टॉप बॉक्स लागत नाही. गच्चीवरच्या डिशची वायर थेट टीव्हीच्या पाठीत जाते. नवं सॉफ्टवेअरही त्याच वाटेने येतं. टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, नुसता लाल दिवा जळत असतो, तेव्हा ते गुपचूप आत उतरतं. त्यातल्या एका जुन्या मॉडेलचा पडदा कारखान्यातच उलटा बसवलेला होता. आतली वायर आखूड पडत होती म्हणे. त्यामुळे चित्र फिरवून दाखवायचं काम सॉफ्टवेअरकडे होतं. तिला ती ओळ दिसली: चित्र फिरवा, एक. कशासाठी, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कुणाच्या तरी हातून राहून गेलं असेल, असं समजून तिने एकाचा शून्य केला. परवा सकाळी तीनशे बारा घरांत बातम्या देणारी बाई डोक्यावर उभी राहिली.

काल तिने शून्याचा पुन्हा एक केला, दिवसभर टेबलावरच्या त्याच मॉडेलच्या टीव्हीवर अकरा वेळा तपासला, आणि आज पहाटेपासून उपग्रहावरून दुरुस्ती सुटू लागली होती. साहेबांनी बजावलं होतं, "एक जरी फोन आला, तरी पाठवणं बंद. मग दुरुस्तीवाले घरोघर जातील, आणि तुला कायम करायचं की नाही, ते मी बघेन." तिची सहा महिन्यांची उमेदवारी सोमवारी संपत होती.

सात वाजल्यापासून एकही फोन आला नव्हता. हा पहिला.

"काका, टीव्ही बंद करून पुन्हा लावून बघितलात?"

"तीनदा. अगं पोरी, आमच्या हिचा पाय प्लास्टरमध्ये आहे. महिनाभर पलंगावरून हलायचं नाही. समोर करमणुकीला एवढा एक टीव्ही. आता ती मान वाकडी करून बघतेय. उद्या मानेलाही प्लास्टर घालावं लागेल."

"पायाकडे उशी घेऊन पडले, तरी जमत नाहीये, सांगा त्यांना!" मागून एका बाईचा ठणठणीत आवाज आला.

तिला हसू आलं नाही. अजून एक आशा होती. कदाचित या टीव्हीपर्यंत दुरुस्ती पोचलीच नसेल. तिने काकांना सेटिंगमध्ये जायला सांगितलं. "तिथे शेवटी सॉफ्टवेअरचा आकडा दिसेल. तेवढा वाचा."

"थांब, तोही उलटाच आहे. मान फिरवतो... चार... एक... सात."

शेवटी सात, म्हणजे कालचंच नवं सॉफ्टवेअर. दुरुस्ती पोचली होती. पोचूनही चित्र उलटंच होतं.

साहेबांनी कप टेबलावर ठेवला. "बास. थांबव पाठवणं."

तिने माउस पडद्यावरच्या 'थांबवा' या चौकटीवर नेला. एक टिचकी मारली, की संपलं. टेबलावरच्या टीव्हीत माणसं मुकाट सरळ चालत होती. अकराच्या अकरा वेळा सरळ. हा टीव्ही आणि काकांचा टीव्ही यांत फरक काय?

"साहेब, एक मिनिट." तिने टेबलावरचा टीव्ही रिमोटने बंद केला. खाली उजव्या कोपऱ्यात लाल दिवा लागला. "काका, तुमचाही बंद करा. लाल दिवा लागला?"

"लागेल आता. परवापासून रिमोट जरा वरच धरावा लागतो... हां, लागला."

"वर?" तिचा हात माउसवरच थांबला. "दिवा नक्की कुठे दिसतोय, काका?"

"वरच. डाव्या कोपऱ्यात."

तिने टेबलावरच्या टीव्हीकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. दिवा खाली, उजवीकडे.

"काका," तिने सावकाश विचारलं, "परवा तुम्ही टीव्हीला काय केलंत?"

"काय करणार? तुमचा फोन लागेल तर शपथ. मग म्हटलं, आपलं आपण बघू. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी. मागची चारही भोकं सारख्या अंतरावर होती. चित्र फिरेना, तर अख्खा टीव्हीच फिरवून टांगला. लेव्हल लावून, सूतभरही फरक नाही!"

तिने माउसवरचा हात काढला आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. खांदे हलायला लागले, तेव्हा साहेबांना क्षणभर वाटलं, पोरगी रडतेय. मग त्यांनी कप उचलला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"सांगा त्यांना," मागून काकू ओरडल्या, "परवापासून इतकं छान दिसत होतं. आज सकाळी कुणी बिघडवलं?"