सोनाईची जागा

"ताई, हितं नगं, जरा पल्याड लावा," गंगाराम म्हणाला.

मुग्धाने तंबूची ठोकलेली खुंटी उपटली. राष्ट्रीय उद्यानातल्या चार दिवसांच्या पदभ्रमंतीचा हा दुसरा मुक्काम होता आणि तिच्या गटाचा वाटाड्या गंगारामच होता.

याच माळावर एके काळी त्याचा पाच-सात घरांचा धनगरवाडा होता. उद्यान झालं तेव्हा सगळ्यांना उठवून खाली वसवलं. जाताना गंगारामने घराची कौलंसुद्धा नेली. मागे राहिली ती फक्त चार वर्षांची लेक. तापाने गेलेल्या सोनाईला त्याने इथंच पुरून वर तीन दगड मांडले होते. बायकोला आता चढ झेपत नव्हता. तो परतला की ती एवढंच विचारायची, "दगड जाग्यावर हाईत न्हवं?"

यंदा दगड दिसतच नव्हते. गव्यांनी उधळले, की पावसाने नेले, कोण जाणे. करवंदीच्या जाळ्याही माजल्या होत्या.

मुग्धाने दुसरी जागा निवडली. गंगारामने तिथंही हात आडवा केला. तिसऱ्या जागेवरही तेच.

"काका, दमलोय हो आम्ही! नक्की कुठे लावायचा नाही, तेवढं एकदा सांगा ना."

गंगारामने माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी गवत चाचपू लागला.

"माझी लेक हाय हितं, ताई," तो म्हणाला. "पर कुठं, त्येच घावंना झालंय."