सहावं ताट

टेमघरच्या धम्मदिनाबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तरी त्यांचं शिकवणं सुटलं नव्हतं. दुपारी चारला गल्लीतली पोरं त्यांच्या घरी टीव्हीवरची विनोदी कौटुंबिक मालिका बघायला जमत. प्रत्येक विनोदानंतर बाई आवाज बंद करून विचारत, "हसून झालं? आता सांगा, हे बोलणाऱ्याच्या मनात काय होतं?"

आज मालिकेतली आत्या सगळ्यांना चिडवत जेवायला वाढत होती. बाईंनी आवाज बंद केला.

"तिला भाव खायचाय," सुमित म्हणाला.

"न्हाय," आठ वर्षांची प्रियंका म्हणाली. "ती हसवते, मग ताटांकडं कोणी बघत न्हाय. तिला धरून माणसं पाच हायत, ताटं सहा. ती कोणाची तरी वाट बघते."

"शाब्बास!"

शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमची खटखट एकाएकी थांबली. पडद्यावरची पाचही माणसं एकदम वळली आणि प्रियंकाकडे पाहू लागली. आत्यानं रिकामी खुर्ची मागे ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज बाईंच्या खोलीत आला.

प्रियंका उठली आणि झोपेत चालावं तशी टीव्हीकडे निघाली.

बाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या वर्गातलं पोर मला विचारल्याशिवाय उठत नाही."

टीव्हीचा आवाज अजून बंदच होता. तरी आत्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"मग बाई, तुम्ही या ना."

बाईंनी पदर खोचला.

"येते. पण तिथंही प्रश्न मीच विचारणार."