दुसरी चौकट

तिकडे. शिवकन्या भाड्यानं गाड्या देणाऱ्या काउंटरपाशी उभी. तिच्या मागे काच, काचेपलीकडे पांढऱ्या गाड्यांची रांग. त्यातली एक तिची. आठच दिवसांसाठी, पण तिची.

इकडे. वडीगोद्रीच्या फाट्यावर दुर्गाबाईंचं हॉटेल. सकाळचे सात. पायलनं व्हिडिओ कॉल लावलेला फोन दोन्ही हातांनी उंच धरलेला आणि अर्धं हॉटेल चहाचे कप घेऊन तिच्या खांद्यावरून वाकलेलं. तिकडे अजून कालचीच संध्याकाळ चालू आहे, हे राधेश्याम पंक्चरवाल्याला काही केल्या पटत नव्हतं.

शिवकन्या पायलची मोठी बहीण. तिची ताई. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीत मिरचीचे प्लॉट बघणारी. तिला कंपनीनं थेट अमेरिकेला धाडलं होतं, आणि उद्या सकाळी ती तिथल्या शेतावर एकटी गाडी चालवत जाणार होती. रस्त्याच्या उलट्या बाजूनं.

तिकडे. काउंटरवरच्या बाईनं एक टॅब पुढे सरकवला. त्यावर दोन चौकटी. ताईनं वाचून सांगितलं. पहिली : भाड्याच्या गाडीला काही झालं तर तुमच्याकडे कुणी भरपाई मागणार नाही. दुसरी : तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला काही झालं, तर त्याचा दवाखाना, त्याचं नुकसान आम्ही बघू. कायद्यापुरता थोडा विमा असतोच, पण तो दवाखान्याच्या दारापर्यंतच पुरतो. कंपनीच्या पत्रात मात्र एकाच जादा विम्याला मंजुरी. कुठल्या तरी एकीवर बोट ठेवायचं. मागे चार माणसं खोळंबलेली.

इकडे गलका. पहिली, पहिली, पहिली. राधेश्याम दोन वर्षांपूर्वी फाट्यावर आला, पण गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. एवढी चकचकीत गाडी, नुसता ओरखडा आला तरी ते लोक पोरीचे दोन पगार खातील. आणि दुसरी काय, ती तर आपली थर्ड पार्टी. पोलिसाला दाखवायचा कागद. समोरच्याचं समोरचा बघतो. हॉटेलभर माना हलल्या. पायलचीही हलली.

पप्पांची नाही.

पायलचे पप्पा, साहेबराव, बाकड्याच्या टोकाला तातेकाकांशेजारी बसले होते. नेहमीची जागा. तातेकाकांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून तो समोरच्या स्टुलावर आडवा ठेवलेला असतो आणि येणारे-जाणारे सवयीनं त्याला वळसा घालतात. विहिरीवरून पडलो होतो, असं काका सांगत. रोज सकाळी पप्पा त्यांना वस्तीवरून मोटरसायकलवर आणतात, तो पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवतात आणि मगच चहा सांगतात. ताप असो, लगीन असो. परवा ताईला विमानासाठी निघायचं होतं, भाड्याची जीप दारात उभी होती, तरी पप्पा आधी तातेकाकांना हॉटेलवर सोडून आले. आई चिडली होती. पायलला मात्र असली दोस्ती भारी वाटायची.

तिकडे. ताई म्हणाली, पप्पा, तुम्ही सांगा.

"दोन्ही न्हाई घेता येत?"

नाही.

"मंग दुसरी," पप्पा म्हणाले.

हॉटेल हसलं. राधेश्यामनं तर कपाळालाच हात लावला. साहेबरावांनी पंधरा वर्षं काळी-पिवळी जीप हाकली, कधी कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, असं त्याला ऐकून माहीत होतं. अशा माणसाची पोरगी कुणाला धडकणार?

दुर्गाबाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात किटलीवर थांबला.

तिकडे ताईही हसत होती. गाडी तिला पप्पांनीच शिकवली होती. मैदानात, सहा महिने, नुसता ब्रेक. सातव्या महिन्यात ॲक्सिलरेटर. "पप्पा, मी तुमच्या हाताखाली शिकलेय. मी कुणाला धडकणार न्हाई. पहिलीच घेते," ती म्हणाली आणि तिचं बोट पहिल्या चौकटीकडे निघालं.

तिकडे सगळं गोठलं. ताई गोठली. बोट हवेत.

रेंज! पायल धावत रस्त्यावर आली. फोन डोक्यावर धरला. एक ट्रक धूळ उडवत गेला. डाव्या हाताला, उजव्या हाताला, मैलाच्या दगडावर चढून. हॅलो, ताई, हॅलो. एक कांडी आली. दोन आल्या. ताईचा आवाज तुटत तुटत आला, "थांबलेय... अजून दाबलं न्हाई... लवकर..."

पायल फोन तसाच उंच धरून, जराही न हलवता, पावलं मोजत आत आली. हॉटेलात आता कुणी हसत नव्हतं. पप्पा खाली मान घालून समोरच्या स्टुलाकडे बघत होते. जीप त्यांनी एकवीस वर्षांपूर्वी अचानक सोडली होती, पायलच्या जन्माच्या आधी. कंबर धरते म्हणून, असं घरी सांगतात.

"हिकडं आण," तातेकाका म्हणाले.

पायलनं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आधी पप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग पडद्यात बघून, रोज सकाळी चहा मागवतात त्याच आवाजात म्हणाले,

"शिवकन्ये, दुसरीवर ठेव बोट. न्हाई तर तुझ्या बापासारखं तुलाबी तिथं रोज सकाळी कुणाला तरी आणायला जावं लागंल."