तुला चाकू लागणार नाही

आशाबाई देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठली आणि सरूबाईनं मान खाली घातली.

रविवारची उपासना अर्धी झाली होती. गारखेड्यात दुकानांवर बांधलेल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. आशाबाईनं चेनच्या कव्हरातलं बायबल छातीशी धरलं आणि माइक हातात घेतला.

"प्रभूची स्तुती असो! सगळ्याईला ठाऊक हाय, मव्ह्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरनं उद्या ऑपरेशनला बोलावलं व्हतं. पण शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत सरूमावशीच्या तोंडून प्रभू बोलला, तुला चाकू लागणार नाही. म्या दवाखान्याचा कागद फाडून टाकला. उद्या म्या जाणार नाय!"

"हालेलुया!" हॉल गरजला. टाळ्या सुरू झाल्या. सरूबाईचे हात मात्र मांडीवरच राहिले.

चार वर्षांपूर्वीपर्यंत ती याच हॉलात झाडू मारायची. मग एकदा प्रार्थनेच्या भरात ती बोलून गेली की द्वारकाबाईचा रुसून गेलेला मुलगा परत येणार, आणि तो आठ दिवसांत लासूर स्टेशनवर सापडला. पुढं एका पोरीचं लग्न जमलं, तेही हिनं सांगितल्यासारखंच. झाडू सुटला. पास्टरांच्या शेजारी खुर्ची आली. सोयरीक, नोकरी, प्लॉट, जो तो आपलं विचारायला येऊ लागला. देव तिच्या तोंडून नेहमी छापील मराठी बोलायचा: "परमेश्वर असे म्हणतो." एरवी बाईला वैजापूरकडची बोली सोडून काही येत नसे, म्हणून लोकांची खात्री अधिकच पटे. बायबल ऐकून ऐकून कुणाचीही जीभ वळते, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. सरूबाईनंही त्यात फार खोल जायचं टाळलं होतं.

पण शुक्रवारचं तिला पक्कं ठाऊक होतं. देव बोलला नव्हता. आशाबाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, "मव्ही पोर दहावीला हाय, मावशी," म्हणत होती, आणि सरूबाईला ते रडणं बघवेना. रडत्या लेकराला आपण उगी उगी म्हणतो, तसे ते शब्द तिच्या तोंडून गेले. आता त्या शब्दांपायी आशाबाईचा जीव जाणार होता. महिनाभर जरी उशीर झाला तरी गाठ पसरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दोन दिवस सरूबाई मनात एकच हिशोब मांडत होती. खरं सांगावं तर खुर्ची जाणार. गप्प बसावं तर आशाबाई जाणार. आणि मेल्यावर देवाला काय तोंड दाखवायचं, ही भीती तर आणखीच वेगळी.

ती उठली. तिनं आशाबाईच्या हातून माइक घेतला.

"आशे, ते देवाचं वचन नव्हतं. म्या बोलले. तुव्हं रडणं बघवलं नाय, म्हणून मव्ह्याच मनानं बोलले. तू उद्या दवाखान्यात जा गं माय."

टाळ्या थांबल्या. मग पास्टर याकोब हसले.

"बघा, संदेष्ट्यांनाही भीती वाटते. एलिया संदेष्टासुद्धा भिऊन झुडपाखाली जाऊन बसला होता. सैतान मावशींच्या मनात संशय घालतोय. चला, त्यांच्यासाठी प्रार्थना करू."

शंभर हात सरूबाईच्या दिशेनं पसरले. खुद्द आशाबाईनं तिला मिठी मारली. "भिऊ नका, मावशी. मव्हा इस्वास पक्का हाय."

चार वर्षं लोकांनी तिचं नको ते ऐकलं होतं, आणि आज ती खरं बोलली तर कुणी कान देईना. सरूबाईचं कुणी ऐकणार नव्हतं. छापील मराठीतल्या त्या आवाजाचं मात्र सगळे ऐकणार होते. काट्यानं काटा काढावा, तसं खोट्यानंच खोटं काढायचं. शुक्रवारी निदान भाबडेपणात झालं होतं; आज ती देवाच्या नावानं जाणूनबुजून खोटं बोलणार होती. आपली जीभ आता झडून पडणार, असं तिला वाटलं. तिनं मनातल्या मनात माफी मागितली, डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले.

"परमेश्वर असे म्हणतो! माझ्या कन्ये, ऊठ. उद्या वैद्याकडे जा. त्याचा हात तो माझाच हात आहे."

"आमेन!" हॉल म्हणाला.

झालं. एवढंच तिनं ठरवलं होतं. ती डोळे उघडणार, तोच तिच्या तोंडून आणखी काही निघालं. ते छापील नव्हतं. चक्क वैजापूरकडचं होतं.

"आशे, खोटं कामून बोलतीस? कागद फाडला नायस तू."

या वेळी कुणी आमेन म्हणालं नाही. आशाबाईचा चेहरा उतरला. तिनं बायबलच्या कव्हराची चेन उघडली आणि आतून दवाखान्याचा कागद काढला. घडी होती तशी होती, कागद कुठंही फाटलेला नव्हता.

"भ्या वाटत व्हतं, मावशी," ती हुंदका देत म्हणाली. "फाडायचा धीरच झाला नाय. उद्या जाते म्या."

लोक रडत रडत स्तुती करू लागले. पास्टरांनी सरूबाईसाठी खुर्ची पुढं ओढली. ती खुर्चीत बसली नाही. जिथं उभी होती तिथंच खाली फरशीवर बसली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. दोन दिवसांत ती भ्याली नव्हती, एवढी आता भ्याली होती. आधीचं सगळं तिनं रचलं होतं. कागदाचं मात्र तिनं रचलं नव्हतं.